उन्हाचा हिशेब ठेवणारा वैद्य
(द्वितीय वर्ष कला)

नववीत असताना विज्ञानाच्या तासाला आम्हांला एक प्रयोग होता. चंचुपात्रात पाणी घ्यायचे, त्यात हायड्रिला या पाणवनस्पतीच्या फांद्या ठेवायच्या, त्यांवर काचेचे नरसाळे उपडे घालायचे, नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी बसवायची आणि सारी मांडणी उन्हात नेऊन ठेवायची. मग फांद्यांच्या कापलेल्या टोकांतून बुडबुडे निघू लागतात आणि परीक्षानळीत वायू साठतो. विझत आलेली काडी त्या वायूत धरली की ती भपकन पेटते. तो असतो प्राणवायू, म्हणजेच ऑक्सिजन. पुस्तकात हे सगळे अर्ध्या पानात आटोपले होते.

माझ्या वाट्याला हा प्रयोग आला तो नेमका आषाढात. बाहेर धो धो पाऊस, वर्गात दिवसा दिवे. मी मांडणी खिडकीत ठेवली आणि तासभर डोळे फाडून बघत बसलो. मोजून चार बुडबुडे आले असतील. परीक्षानळीत म्हणण्यासारखे काहीच साठले नाही. दुसऱ्या दिवशी जर्नल द्यायचे होते. मी गाईड उघडले, त्यातले आकडे थोडे इकडेतिकडे करून उतरवले आणि खाली लिहून टाकले की प्रयोग यशस्वी झाला. दहापैकी दहा गुण मिळाले. मला आनंदही झाला आणि कुठेतरी काटाही सलला. दहावीनंतर मी कला शाखेकडे वळलो, विज्ञान सुटले, काटा मात्र राहिला.

यंदा युरोपच्या इतिहासात ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचे प्रकरण अभ्यासाला होते. तिच्या राजघराण्याला देवीच्या रोगाने कसे ग्रासले होते हे वाचताना एका डच वैद्याचे नाव समोर आले: यान इंगेनहाऊस. नाव ओळखीचे वाटेना. म्हणून ग्रंथालयात थोडा शोध घेतला, तेव्हा कळले की सम्राज्ञीच्या मुलांना देवी टोचणारा हा वैद्य आणि वनस्पतींना हवा शुद्ध करण्यासाठी सूर्यप्रकाश लागतो हे प्रथम दाखवून देणारा शास्त्रज्ञ, हे दोघे एकच. माझ्या नववीच्या प्रयोगाचा मूळपुरुषच म्हणा ना! त्याचे चरित्र वाचता वाचता तो जुना काटा पुन्हा सलू लागला. म्हणून हा लेखनप्रपंच.

इंगेनहाऊसचा जन्म ८ डिसेंबर १७३० रोजी नेदरलँड्समधील ब्रेडा या गावी झाला. घराणे व्यापारी आणि कॅथलिक पंथाचे. तो अगदी तान्हा असतानाच आई वारली आणि वडिलांनीच मुलांना वाढवले. ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाच्या काळात, १७४० नंतरच्या दशकात, ब्रेडाजवळ इंग्रज फौजेची छावणी पडली होती. तिथला लष्करी वैद्य जॉन प्रिंगल याची या घराशी ओळख झाली. पोराची हुशारी त्याच्या नजरेत भरली. पुढे हाच प्रिंगल लंडनमधील रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि त्याच्या शब्दाने इंगेनहाऊसच्या आयुष्याला दोनदा वळण मिळाले. योग्य वेळी भेटलेला एक वडीलधारा माणूस काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

इंगेनहाऊसने लूव्हेन येथे वैद्यकाची पदवी १७५३ साली घेतली. पुढे लायडेनसारख्या ठिकाणी आणखी अभ्यास केला आणि गावी परतून वैद्यकी सुरू केली. वडील १७६४ साली वारले. मग ब्रेडात त्याला बांधून ठेवणारे काही उरले नाही. प्रिंगलचे बोलावणे होतेच. पस्तिशीच्या उंबरठ्यावर तो लंडनला आला.

त्या काळी देवी हा युरोपातला सर्वांत भयंकर रोग होता. राजवाडा आणि झोपडी यांत तो भेद करीत नसे. त्यावर एकच उपाय ठाऊक होता आणि तोही धोक्याचा. देवीची सौम्य लागण झालेल्या रोग्याच्या फोडातील लस घ्यायची आणि निरोगी माणसाच्या कातडीत टोचायची. त्याला देवी येत, पण बहुधा हलक्या. तो बरा होई आणि जन्मभर त्या रोगापासून मुक्त राही. क्वचित एखादा दगावे. इंगेनहाऊसने ही विद्या लंडनच्या अनाथ मुलांच्या रुग्णालयात आत्मसात केली. नंतर १७६८ साली हर्टफर्डशरमधील खेड्यांत साथ आली असताना टॉमस डिम्सडेल या नामांकित वैद्याबरोबर त्याने शेकडो लोकांना देवी टोचल्या.

इकडे व्हिएन्नाच्या राजवाड्यात मृत्यूने ठाण मांडले होते. मारिया थेरेसाचा एक मुलगा १७६१ साली, एक मुलगी १७६२ साली, थोरली सून १७६३ साली आणि १७६७ साली दुसरी सून व आणखी एक मुलगी, अशी पाच माणसे देवीने नेली. सम्राज्ञी स्वतः त्याच वर्षी त्या दुखण्यातून जेमतेम उठली होती. तिने इंग्लंडच्या राजाकडे वैद्य मागितला. प्रिंगलने इंगेनहाऊसचे नाव सुचवले. १७६८ साली तो व्हिएन्नाला आला. आधी गरीब घरांतील मुलांवर चाचणी झाली. आजच्या काळात ही गोष्ट आपल्याला खटकल्याशिवाय राहत नाही. त्यानंतर राजपुत्रांना देवी टोचण्यात आल्या आणि सर्व जण सुखरूप राहिले. सम्राज्ञीने त्याला दरबारी वैद्य नेमले आणि वर्षाला ५,००० गुल्डेनचे तहहयात मानधन बांधून दिले.

दुसरा एखादा असता तर या मानधनावर सुखाने लोळत पडला असता. इंगेनहाऊसने त्या पैशातून मोकळा वेळ विकत घेतला, असे म्हटले तरी चालेल. विजेची यंत्रे, चुंबक, वायू, धातूंतून उष्णता कशी वाहते याचे प्रयोग, अशा कितीतरी गोष्टींत त्याने लक्ष घातले. अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन त्याचा जिवाभावाचा मित्र होता. १७७५ साली त्याने आगाथा मारिया याक्विन हिच्याशी विवाह केला. तिचा भाऊ निकोलाउस याक्विन हा व्हिएन्नातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ. वैद्याच्या घरात वनस्पती अशा सोयरिकीच्या वाटेनेही शिरल्या.

आता मुख्य कथेकडे वळू. त्यासाठी जरा मागे जायला हवे.

१७७१ सालच्या ऑगस्ट महिन्यात जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने एक नामी प्रयोग केला. बंद भांड्यात मेणबत्ती जळून विझली की ती हवा निकामी होते. तिच्यात दुसरी मेणबत्ती जळत नाही. अशा हवेत त्याने १७ ऑगस्टला पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी, २७ तारखेला, त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा छान जळली. म्हणजे प्राण्यांनी आणि आगीने बिघडवलेली हवा वनस्पती सुधारतात! या कामासाठी १७७३ साली रॉयल सोसायटीने प्रीस्टलीला कोपली पदक दिले. त्या समारंभात अध्यक्ष या नात्याने प्रिंगलने भाषण केले आणि रानातल्या वृक्षापासून शेतातल्या गवतापर्यंत प्रत्येक वनस्पती जगाची हवा राखण्याच्या कामी येते, असा विचार मांडला. इंगेनहाऊसच्या मनात हे भाषण घर करून बसले.

पण एक अडचण होती. प्रयोग कधी साधे, कधी फसे. प्रीस्टलीने पुन्हा करून पाहिला तेव्हा काही वेळा हवा सुधारली, काही वेळा उलट बिघडली. स्वीडनमधील शील या रसायनज्ञाला तर वनस्पती हवा बिघडवतात असेच आढळले. दोघेही कसलेले प्रयोगकर्ते आणि दोघेही प्रामाणिक. मग खरे कोणाचे? वनस्पती हवा शुद्ध करतात की दूषित करतात?

हा पेच सोडवण्यासाठी इंगेनहाऊसने १७७९ सालचा उन्हाळा राखून ठेवला. व्हिएन्नाहून रजा घेऊन तो इंग्लंडला आला होता. लंडनपासून सुमारे दहा मैलांवर साउथॉल ग्रीन येथे त्याने एक घर भाड्याने घेतले आणि जून ते सप्टेंबर या काळात पाचशेहून अधिक प्रयोग केले. तीन महिन्यांत पाचशे! म्हणजे दिवसाला पाच-सहा प्रयोग झाले. पहाटे, दुपारी, संध्याकाळी, रात्री, उन्हात, भिंतीच्या सावलीत, अंधाऱ्या खोलीत. याच्यामागे कोणी परीक्षक नव्हता आणि जर्नल तपासणारेही कोणी नव्हते.

त्याची पद्धत साधी होती. काचेचे भांडे विहिरीच्या पाण्याने भरायचे, त्यात ताजी पाने सोडायची, भांडे पाण्यातच उपडे घालायचे आणि उन्हात ठेवायचे. थोड्याच वेळात पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसू लागत. पाण्यात बुडवलेल्या पानांवर बुडबुडे येतात हे शार्ल बोने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने पूर्वीच पाहिले होते. पण ती उन्हाने तापून सुटलेली साधी हवा असावी अशी त्याची समजूत होती. इंगेनहाऊस तिथे थांबला नाही. त्याने ते बुडबुडे गोळा केले आणि तपासले. हवा किती चांगली हे मोजण्याची एक युक्ती प्रीस्टलीने काढली होती आणि इटलीच्या फोंतानाने ती सुधारली होती. तपासायच्या हवेत एक विशिष्ट वायू मिसळायचा. मिश्रणाचे आकारमान जितके अधिक आक्रसेल तितकी हवा जास्त चांगली. पानांवरच्या हवेने या कसोटीत बाजी मारली. तिच्यात मेणबत्ती लखलखून जळे. तो प्राणवायू होता.

मग त्याने एकेक शंका घेऊन तिचा पिच्छा पुरवला. हे काम उन्हाच्या उष्णतेने होते की उजेडाने? त्याने पाने अंधारात विस्तवाजवळ ठेवून पाहिली. ऊब मिळाली, पण चांगली हवा मिळाली नाही. म्हणजे हे काम उजेडाचे. झाडाचा कोणता भाग हे करतो? पाने आणि हिरवे देठ. मुळे, फुले, फळे हे काम करीत नाहीत, उलट दिवसासुद्धा हवा बिघडवतात. पानाच्या कोणत्या बाजूने हवा जास्त सुटते? बहुतेक वेळा खालच्या. कोवळे पान जास्त देते की जून? जून पान. विषारी झाडे काय करतात? तीही बिनविषारी झाडांइतकीच चांगली हवा देतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची वेळेची नोंद. त्याने लिहून ठेवले की वनस्पतींचे हे काम सूर्य उगवताक्षणी सुरू होत नाही. सूर्य वर येऊन काही काळ गेला की ते सुरू होते, आकाश निरभ्र असेल तर जोमाने चालते, दिवस कलला की मंदावते आणि सूर्यास्ताबरोबर थांबते. उंच इमारतींच्या किंवा दाट झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या वनस्पती हे काम करीत नाहीत, त्या हवा बिघडवतात. रात्री तर सगळ्याच वनस्पती हवा बिघडवतात.

पाहा, पेच कसा सुटला! प्रीस्टलीही बरोबर होता आणि शीलही बरोबर होता. एकाच झाडाच्या या दोन अवस्था होत्या. पण आपला प्रयोग कोणत्या उजेडात चालला आहे याकडे कोणी बारकाईने पाहिले नव्हते. फसलेला म्हणून टाकून दिलेला प्रयोग खरे तर फसलेला नव्हताच. तो सावलीविषयी काही सांगत होता, पण ऐकणारा नव्हता. इंगेनहाऊसचे मोठेपण मला इथे दिसते. त्याने नवे यंत्र शोधले नाही. त्याने फक्त आभाळाकडे पाहिले आणि जे दिसले ते वहीत लिहिले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याचे पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. त्याचे लांबलचक नाव एवढेच सांगते की वनस्पती उन्हात हवा शुद्ध करतात आणि सावलीत व रात्री ती बिघडवतात. पुढच्याच वर्षी त्याने स्वतः त्याचे फ्रेंच रूपांतर केले. अन्य भाषांतही ते गेले.

पुस्तकाचा उत्तरार्ध लोकांना घाबरवणारा होता. रात्री झाडे विषारी हवा सोडतात म्हणजे काय? घरातली झाडे काढून टाकायची? इथे मला माझी आजी आठवते. रात्री चिंचेखाली झोपू नये असे ती नेहमी बजावी. कारण विचारले तर भुताचे नाव घेई. पुढे शाळेत कळले की भूत वगैरे काही नाही, झाड रात्री कार्बन डायऑक्साइड सोडते. भुताची जागा वायूने घेतली, भीती तीच राहिली. पण इंगेनहाऊसने १७७९ सालीच याचा हिशेब मांडून ठेवला होता. एखादी वनस्पती रात्रभरात जेवढी वाईट हवा सोडते ती, त्याच वनस्पतीने चांगल्या उन्हात दोन तासांत दिलेल्या चांगल्या हवेच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही भरत नाही, असा त्याचा ढोबळ अंदाज होता. मोकळ्यावरच्या झाडाला भिण्याचे कारण नाही. बंद खोलीत फुलांचा ढीग घेऊन निजू नये इतकेच तो सुचवी. आजीला हे सांगायचे राहून गेले.

चरित्रनायकाला देव करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पाळायची नाही. इंगेनहाऊसही माणूसच होता. शोधाचे श्रेय कोणाचे यावरून त्याचे प्रीस्टलीशी बिनसले. प्रीस्टलीलाही त्याच सुमारास पाण्यातल्या हिरव्या थरातून उन्हात प्राणवायू निघताना दिसला होता आणि उजेडाचे महत्त्व आपल्यालाही स्वतंत्रपणे उमगले होते असे त्याचे म्हणणे होते. जिनीव्हाच्या झाँ सेनेबिए याने १७८२ साली याच विषयावर मोठे लेखन केले. वनस्पती प्राणवायू सोडण्यासाठी पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वापरतात हे त्याने दाखवले. त्याच्याशीही इंगेनहाऊसची वादावादी झाली. श्रेयाची ही तक्रार त्याच्या पुढच्या लिखाणातही डोकावत राहते.

आणखी एक गोष्ट. गायीच्या देवीची लस टोचली तर माणसाला देवी येत नाहीत हे एडवर्ड जेन्नरने १७९६ साली अजमावले आणि १७९८ साली प्रसिद्ध केले. ही युक्ती जुन्या टोचणीपेक्षा कितीतरी निर्धोक होती. जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे १९८० साली जाहीर झाले, त्याचा पाया इथे घातला गेला. पण देवी टोचण्यात हयात गेलेल्या इंगेनहाऊसने जेन्नरला पत्र लिहून शंका उपस्थित केल्या आणि हा शोध मान्य केला नाही. ज्याने दुसऱ्यांचे परस्परविरोधी निष्कर्ष समजुतीने जुळवले, त्याला आपल्याच धंद्यातला नवा उजेड दिसला नाही. माणूस एके ठिकाणी डोळस असला म्हणून सर्वत्र डोळस असतोच असे नाही.

मात्र एका बाबतीत म्हातारपणीही त्याने आपली जुनी पाटी पुसली. ज्या जुन्या रसायनशास्त्रात तो वाढला होता ते लाव्हाझिएने मोडीत काढले, तेव्हा इंगेनहाऊसने नवे शास्त्र स्वीकारले. १७९६ साली वनस्पतींचे अन्न या विषयावर लिहिलेल्या निबंधात त्याने सांगितले की झाडाच्या शरीरातला कार्बन मुख्यतः हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. झाड माती खाऊन वाढते ही समजूत तेव्हा सर्वत्र होती. प्रीस्टली मात्र अखेरपर्यंत जुन्या शास्त्रालाच चिकटून राहिला.

त्याची अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. १७८८ साली तो व्हिएन्नाहून प्रवासाला निघाला तो परत जाऊ शकला नाही. १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांतीचा वणवा भडकला आणि तो इंग्लंडला आला. मग युद्धांनी वाटा अडवल्या. पत्नी व्हिएन्नात, आपण इंग्लंडात, प्रकृती ढासळलेली. मूलबाळ नव्हते. विल्टशरमधील बोवुड या लॉर्ड लॅन्सडाउनच्या वाड्यात ७ सप्टेंबर १७९९ रोजी त्याचा अंत झाला. योगायोग असा की याच वाड्यातील प्रयोगशाळेत १७७४ साली प्रीस्टलीने प्राणवायू वेगळा काढला होता. ज्या वायूने दोघांना नाव दिले आणि दोघांत वितुष्ट आणले, त्याच वायूच्या जन्मघरी इंगेनहाऊसने शेवटचा श्वास घेतला.

त्याच्यानंतर सव्वादोनशे वर्षे लोटली. उजेड बदलला की झाड बदलते, हे त्याने वरून पाहिले. आत काय घडते हे आता बरेचसे उलगडले आहे. आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे जाऊन मी ते समजून घेतले आणि थक्क झालो.

पहिली गोष्ट अशी की झाड रात्री काही वेगळे काम सुरू करीत नाही. आपल्यासारखे ते रात्रंदिवस श्वसन करते, म्हणजे प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. उजेडात त्याच्या जोडीला प्रकाशसंश्लेषण चालते आणि त्यात प्राणवायू बाहेर पडतो. भरपूर उजेडात हे दुसरे काम पहिल्याला कितीतरी मागे टाकते. उजेड कमी होत गेला की एका टप्प्यावर जमा आणि खर्च समान होतात. तिथे बुडबुडा दिसत नाही. त्याहून कमी उजेडात खर्च वाढतो. इंगेनहाऊसला सावलीत जे आढळले ते हेच.

दुसरी गोष्ट, झाड उजेडाप्रमाणे आपली पानेच वेगळी घडवते. एकाच झाडाच्या शेंड्यावरची, उन्हात वाढलेली पाने जाड आणि बहुधा लहान असतात. आतल्या सावलीतली पाने पातळ आणि रुंद असतात, मिळेल तो कवडसा टिपण्यासाठी. हे बदल व्हायला दिवस, आठवडे लागतात. पण पानाच्या पेशीत हरितद्रव्याचे जे बारीक कण असतात ते काही मिनिटांत जागा बदलतात. उजेड मंद असेल तर ते त्याच्या समोर पसरतात, ऊन फार झाले तर पेशीच्या कडेच्या भिंतींना चिकटून एकमेकांच्या आडोशाला उभे राहतात. एप्रिलच्या उन्हात आपण भिंतीच्या कडेकडेने चालतो, तसेच.

तिसरी गोष्ट सर्वांत नवलाची. ऊन म्हणजे झाडाला नुसते वरदान, अशी आपली समजूत असते. पण भर दुपारी पानावर इतका उजेड पडतो की त्यातला मोठा भाग पानाला वापरताच येत नाही. ती जादा ऊर्जा तशीच राहिली तर पानाची आतली यंत्रणाच मोडून टाकते. म्हणून पान ती उष्णतेच्या रूपाने सोडून देते. प्रेशर कुकरची शिटी वाफ सोडते, तसा हा प्रकार आहे. ही सोय काही सेकंदांत, काही मिनिटांत सुरू होते. पण ढग आला आणि ऊन झाकले गेले तरी ती लगेच थांबत नाही. मिनिटे जातात. तेवढ्या वेळात आधीच तोकडा असलेला उजेडही थोडा वाया जातो. दिवसभरात किती ढग येतात, वाऱ्याने किती पाने एकमेकांवर सावली धरतात! प्रत्येक वेळी थोडे नुकसान. २०१६ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी तंबाखूच्या रोपांत ही सोय लवकर थांबेल असा बदल केला, तेव्हा शेतातल्या रोपांचे वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. आज धान्याचे उत्पन्न वाढवण्यासाठी जे प्रयत्न चालले आहेत त्यांतला हा एक मार्ग आहे. एका ढगाच्या सावलीची किंमत शेतकऱ्याच्या खळ्यावर दिसते, ती अशी.

हे सारे ऐकल्यावर मला माझे ते जर्नल आठवले. आषाढातल्या त्या तासाला माझ्या चंचुपात्रात चार बुडबुडे आले होते. तो प्रयोग फसला नव्हता. कमी उजेडात हायड्रिला काय करते याचे ते अचूक उत्तर होते. मी फक्त चार हा आकडा लिहायचा होता आणि पुढे लिहायचे होते: आकाश ढगाळ. कदाचित दहापैकी पाचच गुण मिळाले असते. पण तीच माझी स्वतःची एकमेव वैज्ञानिक नोंद ठरली असती. दहा गुणांसाठी मी ती खोडून टाकली.

हे फक्त विज्ञानापुरते नाही असे मला वाटते. आम्ही कला शाखेचे विद्यार्थीही हेच करतो. कवितेचा अर्थ आपल्याला जो लागला तो न लिहिता गाईडमधला लिहितो. इतिहासात दोन साधने एकमेकांशी जुळली नाहीत की गैरसोयीचे साधन बाजूला ठेवतो. दोन्ही खरी असतील आणि ती वेगवेगळ्या उजेडात लिहिली गेली असतील, हे आपल्या ध्यानात येत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत गावी गेलो तेव्हा ओढ्यावरून हायड्रिलाच्या फांद्या आणल्या. काचेच्या ग्लासात पाणी घेतले आणि अंगणात बसलो. ऊन स्वच्छ होते तेव्हा मिनिटाला तेवीस बुडबुडे मोजले. मग मी गोणपाट धरून सावली केली. पहिल्या मिनिटाला अकरा, पुढच्या मिनिटाला पाच. गोणपाट काढले. बुडबुडे पुन्हा हळूहळू वाढू लागले. माझा धाकटा भाऊ नववीत आहे. तो शेजारी बसून बघत होता. मी आकडे सांगत गेलो, तो वहीत लिहीत गेला. मध्येच एक ढग आला आणि मोजणी चुकली. आता इथे काय लिहू, असे त्याने विचारले. मी त्याला वेळ लिहायला सांगितली, आणि ढग आला असेच लिहायला सांगितले.